मुक्या मंगळवारची ओटी

समस्त भाविक बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अमडापूरच्या महिला भजनी मंडळाची ही प्रमुख, जिची जीभ स्वतःच्या लग्नात अंतरपाटाआडही स्वस्थ बसली नव्हती, ती लागोपाठ अकरा मंगळवार घराच्या उंबऱ्यापासून देवीच्या गाभाऱ्यापर्यंत एक शब्दही न बोलता चालत जायचा नवस करून बसली. पहिल्या मंगळवारी शेजारणींना वाटलं, मला लकवा मारला. आमचे हे बाजार समितीत कारकून, ते म्हणाले, "आपली देवी लयच जागृत हाय बावा!" नवस कशाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. माझ्या डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, सुपारीएवढी गाठ होती.

आमच्याकडे अशी ओटी मुक्याने नेतात. ताटात खण, नारळ, तांदूळ घ्यायचे. ताट भुईला टेकवायचं नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, नजर नारळावर ठेवायची आणि ओटी देवीपुढे पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही. देवीवर माझा विश्वास होताच, पण खरं सांगायचं तर मला मौनच सोयीचं होतं. न बोललेली गाठ ही नसलेली गाठ, असा काहीसा माझा हिशेब होता. माझी आई याच हिशेबाने गेली. तिची गाठ फुटली, तेव्हा ती पदराआड कडुनिंबाचा पाला बांधायची आणि वास झाकायला घरभर उदाची धुरी फिरवायची. आम्हा लेकरांना वाटायचं, आई किती देवाधर्माची! आजही मी घरात उद लावू देत नाही. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेली मी, रोज अंघोळीनंतर गाठीवर अंगारा लावत होते. दोन वर्षांपूर्वी खामगावला मॅमोग्राफी केली होती, तिचा 'सर्व ठीक' असा कागद देव्हाऱ्यात ठेवला होता. गाठ वाढत होती आणि मी म्हणत होते, अकरा मंगळवार होऊ देत.

अकराव्या मंगळवारी देवळाच्या सभामंडपात बायकांची रांग दिसली. दिसली म्हणजे पायांची दिसली. नजर नारळावर होती ना. मी आयुष्यात एकही रांग सोडलेली नाही, मग ती प्रसादाची असो की रेशनची. दर्शनाचीच असणार म्हणून उभी राहिले. माझ्यापुढे दुसरबीडहून लेकीकडे आलेली एक म्हातारी होती. "काऊन वं बाई, तुले काय होते?" तिने विचारलं. मी गप्प. "दुखते का?" मी गप्प. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या बायकांना मोठ्याने सांगितलं, "अवं सरका! मुकी हाय बिचारी. तिले पहिले जाऊ द्या!" गावातल्या बायका पदरात तोंड घालून हसत होत्या आणि ही माऊली मला खांद्याला धरून पुढे ढकलत होती. मान वर केली तेव्हा समोर देवी नव्हती. पडदा होता, खाट होती आणि एक तरुण डॉक्टरीण होती. स्तनांच्या तपासणीचं शिबिर होतं ते.

नर्सने विचारलं, "काकू, गाठबिठ लागते का?" या प्रश्नाला माझ्याकडे चार महिन्यांपासून एकाहून एक सरस उत्तरं तयार होती. मी बोलू शकले असते, तर त्या नर्सला दोन अभंग ऐकवून, हसवून, चहा पाजून घरी परतले असते. पण तोंड बंद. मान तरी नकारार्थी हलवता आली असती. ती हलली नाही. का हलली नाही, ते मी आजवर स्वतःलाही समजावू शकलेले नाही.

खाटेवर निजले. डावा हात डोक्यामागे, उजव्या हाताने पोटावर ओटीचं ताट धरलेलं. डॉक्टरीण म्हणाली, "ताट ठेवा ना बाजूला." मी डोळे वटारले. तिने गार मलम लावून मोबाइलएवढं यंत्र छातीवर फिरवलं. शेजारच्या पडद्यावर आधी पावसाळी आभाळासारखं करडं काहीतरी दिसलं, मग रंग उमटले. ती सांगत होती की आता सोनोग्राफीत नुसता आकार नाही, मऊ काय आणि कडक काय तेही रंगात कळतं. या यंत्रावर कडक ते निळं. मी डोक्यामागचा हात काढून हवेत बोटाने 'खामगाव, मॅमोग्राफी, ठीक' असं लिहिलं. तिला कळलं. म्हणाली, "तेव्हा गाठ होती की नव्हती, आता सांगता येणार नाही. पण तुमची छाती दाट आहे काकू. मॅमोग्राफीत ती सगळी पांढरी दिसते आणि गाठही पांढरी. कापसाच्या ढिगात पांढरा रुमाल पडल्यासारखं." मग तिने यंत्र पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवलं. पडद्यावर वेड्यावाकड्या कडांचं गर्द निळं भोक होतं. तिने चित्र शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना पाठवलं. उत्तर येईपर्यंत घंटा वाजत राहिल्या. "नुसत्या पडद्यावरून मी नाव देणार नाही," ती म्हणाली, "पण ही साधी वाटत नाही. या आठवड्यातच गाठीचा तुकडा काढून तपासून घ्या."

माझं मौन तिथेच, देवीपासून वीस पावलांवर मोडलं. पडद्याबाहेर दुसरबीडची म्हातारी ओरडली, "अवं माय! हे बाई तं बोलते!" आणि आत आली.

नाव कॅन्सरच निघालं. काखेतल्या दोन गाठींतही पोचला होता. डावी छाती गेली, केस गेले, भजनातली वरची पट्टी गेली. डॉक्टर कसलाच शब्द देत नाहीत, आणि मीही आता मागत नाही. त्या म्हातारीचं नाव विचारायचं राहून गेलं. पुन्हा ती कधी भेटली नाही. दर मंगळवारी मी देवीपुढे बसते आणि सगळं मोठ्याने सांगते, औषधांची नावंसुद्धा. नवस केला तेव्हा मी देवीला फक्त तांदूळ-नारळ देत होते. भीती मात्र माझ्याच मुठीत घट्ट होती. ती सुटली त्या दिवशी ओटी पोचली, असं मी मानते.

बायका विचारतात, अकरा मंगळवारांचं मौन मोडताना तोंडून देवीचं नाव आलं असेल ना? मी हो म्हणाले असते, पण ती नर्स आमच्याच गावची आहे. आईसारखं काही झाकायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते. ताट पुढे करून मी किंचाळले होते, "हे धरा वं कोनीतरी, मले रडायचं हाय!"