सात घरांचा बापू

ती घटना मला अजून आठवते, आणि आठवते ती नेहमी दुपारच्या उन्हात. पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं, मूर्तिजापूर, कापसाचा हंगाम. सरकी काढायच्या जिनांमधून उडालेला कापूस गल्ल्यांतून तरंगत फिरायचा. टोपीवर बसायचा, रोजनामच्याच्या पानांवर बसायचा, चहात पडायचा. त्या दिवसांचं सगळंच मला जरा धूसर दिसतं, तो कापसाचा दोष की वयाचा, सांगता येत नाही. मी तिथं नवा फौजदार होतो. अठ्ठावीस वर्षांचा, नव्या मिशीचा, आणि आपल्याला माणसं ओळखता येतात अशा ठाम समजुतीचा.

एका सकाळी प्राथमिक शाळेचे एक मास्तर ठाण्यात आले. त्यांचा धाकटा भाऊ आदल्या दिवसापासून घरी नव्हता. खरं नाव देत नाही, बापू म्हणतो. वय बत्तीस, समज पाच-सहा वर्षांच्या पोराची. बोलणं मोजकं, चालणं डुलतं, कुणाला बोटही न लावणारा. आज अशा माणसांसाठी बरे शब्द आहेत. तेव्हा कायद्यात जन्मतः समज कमी असलेला आणि मधेच डोकं फिरलेला, दोघंही एकाच रकान्यात बसत. तो रकाना वेड्यांचा.

मास्तरांची बदली अचलपूरला झाली होती. आई वर्षापूर्वी गेलेली, बायको कायमची आजारी. बापूला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं असा अर्ज त्यांनीच मॅजिस्ट्रेटकडे केला होता. त्याला कोर्टात हजर करण्याचा हुकूम आमच्याकडे आला, आणि त्याच संध्याकाळी बापू नाहीसा झाला.

"विहिरी पाहा साहेब," मास्तर म्हणाले. "त्याला पाण्यात वाकून पाहायची सवय आहे." त्यांचा चष्मा सारखा घसरत होता आणि ते तो सावरत नव्हते.

आम्ही विहिरींत गळ टाकले. स्टेशन, जिनांची आवारं, अचलपूरकडे जाणाऱ्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीचे डबे, सगळं पाहिलं. मास्तरांच्या गल्लीतली सातही घरं हवालदारांनी झडती घेऊन पाहिली. काही नाही. चार दिवस गेले. मास्तर रोज येऊन बाकावर बसत आणि काही न विचारता उठून जात.

पाचव्या दिवशी खबर आणली ती आमच्या पोस्टमननं. टपाल माझ्या टेबलावर ठेवून तो घुटमळला.

"सायेब, एक बोलू काय? त्या गल्लीत रोज जातो मी. बापू साऱ्या गल्लीचा लाडका. पन तिथं कोनीच रडून नाही राहिलं."

एवढं बोलून तो गेला. माझी मिशी खाली आली. चार दिवस मी विहिरींत डोकावत होतो, आणि जिवंत माणसांच्या तोंडाकडे पाहायचं राहून गेलं होतं.

दुपारी मी एकटाच त्या गल्लीत गेलो. पहिलं घर एका विधवा शिंपीणकाकूंचं. ओट्यावर मशीन मांडून त्या झबली शिवत होत्या. मी समोर बसलो आणि जबाब घ्यायला सुरुवात केली.

"बापू जेवायचा कुठं?"

"वार लावून देल्ले होते त्याच्या मायनं. सोमवार टांगेवाल्या चाचाकडं, मंगळवार सोनाराकडं, असे. माहा गुरुवार. रविवार त्याच्या सोताच्या घरी."

वारावर जेवणं मला माहीत होतं. गरीब विद्यार्थी असे रोज एकेका घरी जेवून शिकत. पण पोटच्या, घरी अन्न असलेल्या मुलासाठी आईनं वार लावावेत, हे मी प्रथमच ऐकत होतो.

"मायच म्हने, मी गेल्यावर याले दुसऱ्याच्या दारात पाय टाकाची सवय पाहिजे. दहा वर्सं अगोदरच लावून ठेवले तिनं. मास्तरले लाज वाटे. मास्तराचा भाऊ अन् वारावर जेवते म्हनून."

"आणि तो काय करायचा तुमच्यासाठी?"

"कंदिलाच्या काचा पुसे. साऱ्याच घरच्या. रोज, याच वक्ताले. राखुंडीनं घासे, फडक्यानं पुसे, अन् उंबऱ्याच्या उजव्या अंगाले पालथी ठेवे. दुसऱ्या अंगाले ठेवली तर उचलून परत ठेवे." एवढं सांगताच काकूंचा हात मशीनच्या चाकावर थबकला.

मी त्यांच्या उंबऱ्याकडे पाहिलं. उजव्या अंगाला काच पालथी ठेवलेली होती. उठून गल्लीत उभा राहिलो. ऊन कललं होतं. मास्तरांचा उंबरा सोडून ओळीतल्या बाकी उंबऱ्यांवर, सगळ्या उजव्या अंगाला, सहा काचा उन्हात चमकत होत्या आणि मधून कापूस संथपणे खाली येत होता. किती वेळ उभा होतो कोण जाणे. तपासाला आलो आहे हे मी क्षणभर विसरलोच. ज्यांनी रॉकेलचे कंदील वापरलेत त्यांना ठाऊक आहे, काच दोन दिवस पुसली नाही तर वात दिसत नाही. आणि पुसणारा तर पाच दिवसांपासून बेपत्ता होता.

म्हणजे बापू गल्लीतच होता. झडतीच्या वेळी त्याला परसातून पुढच्या परसात सरकवलं असणार, कारण सातही घरांची परसं एकमेकांना लागून होती. आता तो कोणत्या घरात हे शोधायला हवालदारांची गरज उरली नव्हती. काचेची बाजूही बदलू न देणाऱ्या बापूच्या घशाखाली सोमवारच्या घरी मंगळवारचा घास उतरत नसणार. लपवायचं झालं तरी त्याला रोज त्या त्या वाराच्या घरी न्यावंच लागत असणार.

"काकू, आज वार कोणता?"

काकूंनी मागच्या दाराकडे पाहिलं. गुरुवार होता.

मी आत गेलो. मागच्या पडवीत पाटावर बसून बापू भाकरी आणि वरण जेवत होता. माझा गणवेश पाहून तो घाबरला नाही. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पाटावरच थोडा बाजूला सरकला आणि मोकळ्या जागेवर हात आपटून म्हणाला, "जेव."

मला काय झालं ते धड सांगता येत नाही. मी बसलो नाही. बाहेर येऊन काकूंवर ओरडलो. सरकारी कामात अडथळा, कोठडी, गुन्हा, जेवढी कलमं आठवली तेवढी त्यांच्या अंगावर टाकली. आसपासची माणसं जमली. टांगेवाले चाचा पुढं होऊन म्हणाले, "साब, बंद करना है तो सबको करो. छे घर का एक ही गुनाह है."

काकू तेवढ्यात शांतपणे म्हणाल्या, "तिथं नागपूरले त्याले जेव म्हनाले कोन येईन, ते सांगा. मंग न्या."

मी त्यांना विचारलं, "ठाण्यात येऊन हेच सांगितलं असतं तर? का नाही आलात?"

"हुकूम आला म्हंजे झालं, असंच वाटलं जी आमाले."

हीच त्यांची चूक. हुकुमाला उत्तर देता येतं हे त्या गल्लीत कुणाला ठाऊकच नव्हतं, म्हणून त्यांनी लपवाछपवी केली, आणि एका भावाला पाच दिवस विहिरींच्या काठानं फिरवलं. त्या संध्याकाळी मी कायद्याचं पुस्तक काढून बसलो. नातेवाईक किंवा स्नेह्यानं नीट सांभाळण्याचा जातमुचलका लिहून दिला तर मॅजिस्ट्रेट अशा माणसाला त्याच्या ताब्यात देऊ शकतो, असं त्यात होतं. खरं सांगायचं तर मीही ते पान पहिल्यांदाच वाचत होतो.

सोमवारी कोर्टात गल्लीच लोटली. मास्तर एका बाजूला, मान खाली घालून. मॅजिस्ट्रेटसाहेब कडक. सहा नावं घालून आम्ही नेलेला जातमुचलक्याचा नमुना त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "इथं जबाबदारी घेणाऱ्या एका इसमाचं नाव लागतं. हे सहाजण कोण? उद्या काही झालं तर मी कोणाला धरू?" मग त्यांनी बापूलाच पुढं बोलावलं. "तुझं कोण आहे रे?"

बापू वळला. मागं उभ्या माणसांपैकी एकेकाकडे बोट दाखवत, घाई न करता, म्हणत गेला, "सोमवार. मंगळवार. बुधवार. गुरुवार." शनिवारपर्यंत गेला आणि बोट हवेत धरून शोधत राहिला. मास्तर दाराजवळच्या खांबाआड सरकले होते. बापूला ते दिसले तेव्हा तो हसला.

"रविवार."

मास्तर तिथंच रडले, चारचौघांत, ओक्साबोक्शी. मग चष्मा पुसून पुढं आले आणि त्यांनी अर्ज मागे घेतला. जातमुचलक्यावर पहिली सही त्यांची, खाली दोन सह्या आणि चार अंगठे. जागा पुरेना म्हणून समासात लिहावं लागलं, आणि साहेबांनी ते चालवून घेतलं. मास्तर अचलपूरला गेले, पण दर रविवारी सकाळी छोट्या गाडीनं येत आणि भावाला जेवू घालून संध्याकाळी परतत. मी तिथं होतो तोवर त्यात खंड पडल्याचं ऐकलं नाही.

त्या गल्लीकडून मी एक गोष्ट शिकलो. असा माणूस ठाण्यात आणला गेला की याचे नातेवाईक कोण हा माझा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, हा जेवतो कुठं? त्याचं उत्तर देणारं माणूस सापडलं की नागपूरचा कागद बहुतेक वेळा काढावाच लागत नसे. या युक्तीचा मला अभिमानही वाटायला लागला होता.

साठच्या दशकात मी अकोल्याला असताना स्टेशनवर एक मुलगी सापडली. विशीची, नाव सांगता न येणारी. केस कुणीतरी त्याच सकाळी विंचरून नीट वेणी घातलेली. मी सगळीकडे तोच प्रश्न विचारला, ही जेवायची कुठं? कुणालाच माहीत नव्हतं. आठ दिवस वाट पाहिली, मग कागदावर सही केली आणि सोबत एक बाई देऊन तिला नागपूरच्या गाडीत बसवलं. गाडी हलली तेव्हा मुलगी खिडकीतून माझ्याकडे पाहत होती. तिच्या मांडीवर डबा होता. ते आठही दिवस तिचा डबा माझ्या घरून येत होता, माझी बायको करून पाठवत होती. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा गाडी फलाटाबाहेर गेली होती.