गावच्या यादीतलं नाव

मुलचेऱ्याहून नागपूरला निघालो तेव्हा बाबा तळ्यावरून तसेच ओल्या धोतराने गाडीपर्यंत आले. "गावाले इसरजो नको," एवढंच म्हणाले. मी खिडकीतून हात हलवला. खरं सांगायचं तर, सुटलो एकदाचा, असंच वाटत होतं.

नागपुरात पाणीपुरवठ्याचे आराखडे करणाऱ्या एका कचेरीत नोकरी लागली. तीस वर्षांनी शहरात किती माणसं असतील, याचा अंदाज काढायचा. मागच्या जनगणनांमधली वाढ घ्यायची, जन्म-मृत्यूंचा फरक वजा करायचा; उरतील ते बाहेरून आलेले. ती माणसं कुठून कमी झाली, हे त्या तक्त्यात कुणी विचारत नाही.

दोन हजार एकच्या जनगणनेच्या वेळी मी सुटीवर घरी होतो. मोजणीला गावातलेच गुरुजी आले. घरात किती माणसं, असं त्यांनी विचारल्यावर बाबा म्हणाले, "तीन. मी, पोराची माय अन् पोरगा."

"पोरगा तं नागपूरले राह्यते ना, भाऊ?"

"नोकरीले गेला. घर त्याचं इथीच हाये."

गुरुजी हसून लिहायला लागले. मीच मध्ये बोललो, "नाही गुरुजी, माझं नाव तिकडे लागेल. दोनदा मोजलं तर आकडा चुकतो."

गुरुजींनी लिहिलेलं खोडलं. बाबा जाळं घेऊन उठले आणि भर उन्हात तळ्यावर गेले. आई म्हणाली, "लिहून राह्यले होते ना ते? तू काऊन बोलला?"

नियमाने माझं बरोबर होतं. पण त्या बरोबर असण्याची मला लाज वाटते, हे गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनाही, सांगायला मला इतकी वर्षं लागली.

दोन वर्षांनी बाबा गेले. मासेमारीचा, दोघांनी ओढायचा लाकडी डोंगा ते शेवटपर्यंत एकटेच काठावर ओढत होते, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. मग आईला नागपूरला आणलं.

परवा आमच्या नागपूरच्या वस्तीत सर्वेक्षणाला एक मुलगी आली. "आजी, इथे येऊन किती वर्षं झाली?"

"चार दिवसासाठी आली मी, बाई. गाव हाये मले."

आईला इथे येऊन तीन वर्षं झालीत. मुलीने माझ्याकडे पाहिलं. माझं घर कोणतं, हे मला आता सांगता येत नाही. आईला येतं.

मी म्हणालो, "त्या सांगतात तसंच लिहा."