बदामाचा पंचनामा

"बघू. दाखवा."

एवढंच म्हणून काका उजवा हात पुढे करायचे. तळवा वर, बोटं जराशी वाकलेली. समोर भाजीवाला असो, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस असो की वर्गणी मागायला आलेली मंडळी, हात तोच. आता अशा वेळी काय दाखवायचं, तुम्हीच सांगा. पण समोरचा माणूस आपोआप खिसे चाचपायला लागायचा.

सिडकोतल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घराला लागून. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या तपासणी पथकात गेली. गंगापूरच्या रस्त्याला कुठल्यातरी फाट्यावर गाडी थांबवायची, वर चढायचं आणि एकेकाचं तिकीट बघायचं, हे काम. नोकरी संपली तरी हात काही मागे गेला नाही.

एकदा एक बाई दारावर सीताफळं घेऊन आली. "दौलताबादची हायत, काका," म्हणाली. काकांनी हात पुढे केला. "दौलताबादची कशावरून? बघू. दाखवा." ती बिचारी पाटी उतरवून एक सीताफळ खालून-वरून बघायला लागली, जणू त्यावर गावाचा शिक्का सापडणार होता. क्रांती चौकातल्या दुकानात नवा चष्मा घातल्यावर त्यांनी अक्षरांचा तक्ता नंतर वाचला, आधी दुकानदाराला नीट न्याहाळून घेतलं.

त्यांचे बहुतेक संशय खोटे निघायचे. सीताफळं दौलताबादचीच निघायची, मीटरवाला खरा निघायचा. मी चिडवलं की ते आपला ठरलेला नियम ऐकवायचे. मी शाळेत शिकवते, म्हणून गल्लीला मी बाई.

"बाई, गाडीत चढलो की मी तिकिटं नंतर बघायचो. आधी तोंडं बघायचो. जो खिडकीबाहेर बघतो त्यो बी नाय, जो झोपल्यावानी करतो त्यो बी नाय. जो आपणहून हसतो अन् 'या साहेब' म्हनतो, त्याच्याकडं तिकीट नसतं."

हा नियम गल्लीत सगळ्यांना पाठ होता. त्यांच्या सुनेला, मनीषाला तर सगळ्यात जास्त. मुलगा पुण्याला नोकरीला, सुट्टीला यायचा. इथे घरात सासरा आणि सून दोघंच. मनीषा चिकलठाण्याच्या एका कंपनीत जायची. निघण्याआधी ती गरम भाकरी करून द्यायची, काका ती दुधात कुस्करून खायचे आणि वरून गोळी घ्यायचे. गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काका स्वतः शेगडीच्या जवळ जात नसत. गॅसवरही त्यांचा विश्वास नव्हता.

एका रविवारी सकाळी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "बाई, या जरा. पंच पायजे."

मी गेले. टेबलावर कॉर्नफ्लेक्सचा नवा खोका. त्यावर बदामांचा पाऊस पडताना दाखवलेला. काकांनी वर्तमानपत्र पसरून त्यावर मूठभर कॉर्नफ्लेक्स ओतले होते आणि बोटानं एकेक पापडी बाजूला सारत होते.

"बदाम कुठाय?"

"बाबा, बदाम फ्लेवर आहे तो," मनीषा म्हणाली. "चव बदामाची. आत बदाम नसतो."

"म्हंजी पास हाय अन् माणूस नाय."

मला हसू आलं. मनीषाही हसली, जरा जास्तच हसली.

काकांनी एक पापडी उजेडात धरली, उलटी करून पाहिली, मग जिभेवर ठेवली. डोळे मिटून बराच वेळ घोळवली. "बदाम नाय ह्यो. लग्नात मसाला दूध संपल्यावर पातेल्याला जो वास राहतो, त्यो हाय." मनीषानं वाटीत घालून वर दूध ओतलं. ते कुरकुरायला लागल्यावर काकांनी वाटीला कान लावला. "बोलायलंय काईतरी," ते म्हणाले, आणि अखेर एक चमचा तोंडात घेतला.

चावता चावता ते थांबले.

"हे करायचं कसं?"

"करायचं काय त्यात? दूध ओतायचं, झालं."

"दूध तापवायचं?"

"थंडसुद्धा चालतं."

"म्हंजी गॅस लावायचा नाय." त्यांनी चमचा वाटीत ठेवला. "म्हंजी तू घरी नसली तरी चालतंय."

मनीषा पुन्हा हसली. "अहो बाबा, सोय म्हणून आणलंय. कधी उशीर होतो ना मला."

काका तिच्याकडे बघत राहिले. हात मात्र पुढे केला नाही. सीताफळवाल्या बाईला न सोडणारा माणूस, पण सुनेला 'दाखव' म्हणायचं त्यांनी टाळलं.

मला सोडायला ते फाटकापर्यंत आले. "बाई, पोरगी कुठं चालली?"

मला माहीत होतं. कंपनीनं मनीषाला बढती देऊन पुण्याला बोलावलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा नवरा-बायकोला एका घरात राहायला मिळणार होतं. काका पुण्याला जायला तयार नव्हते. एकदा आठवडाभर राहून आले होते आणि वर "तिथं दार उघडलं तरी माणूस दिसत नाय" असा शेरा मारून मोकळे झाले होते. दुपारचा आणि रात्रीचा डबा लावता येत होता. अडत होती ती सकाळ आणि ती गोळी. काकांनी हे खाल्लं, तर मनीषा जाणार होती. नाही खाल्लं, तर बढती नाकारणार होती. काकांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं तिनं मला बजावलं होतं.

"कुठे जातेय? कुठेच नाही," मी म्हणाले, आणि हसले.

काकांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तिकीट नाय बाई तुमच्याकडं," म्हणाले, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारापुढच्या ओट्यावरून त्यांचा आवाज आला. हातात वाटी, चेहरा हसरा. "मनीषा, लई भारी हाय गं हे! बदाम बी लागायलाय आता!"

"खरंच, बाबा?"

"व्हय तर. भाकरीपरीस हलकं पडतंय."

बाजारच्या खोक्याला भारी म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि असं आपणहून हसताना तर नाहीच नाही. मनीषाला नियम पाठ होता. पण त्या सकाळी तिनं तो लावला नाही. मीही आठवण करून दिली नाही. पुढच्या महिन्यात ती पुण्याला गेली.

मग रोज सकाळी ओट्यावर काकांचा फोन लागायचा. ते वाटी फोनसमोर धरायचे, हसायचे, "लई भारी" म्हणायचे. फोन बंद झाला की हसू पुसल्यासारखं जायचं आणि कडू काढा प्यावा तसे ते उरलेलं खायचे. तरीही प्रत्येक चमचा आधी उजेडात धरून बघायचे. इतक्या दिवसांत खोक्यातून एखादा बदाम चुकून निघेल, अशी त्यांना आशा होती की काय, कोण जाणे.

मी भाकरी देऊ केली, तर माझ्यावरच उखडले. "फोनवर हे दाखवायचं अन् तुमच्याकडं भाकरी हाणायची? ते विनातिकीट झालं." म्हणजे हसू खोटं चालत होतं, खाणं खोटं चालत नव्हतं! या माणसाच्या हिशेबापुढे मी हात टेकले होते.

"मग सांगून टाका ना तिला," मी म्हटलं.

"काय सांगू? कवा नाय ते खिडकीची जागा भेटली पोरीला. मधीच उतरवू व्हय मी?"

खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा फार लळा लागला.

या उन्हाळ्यात काका गेले. दवाखान्यात, मुलगा-सून उशाशी असताना. दिवस झाल्यावर मनीषा स्वयंपाकघर आवरत होती. तिथे फोडलेला खोका निघाला. तिनं वाटीत थोडे कॉर्नफ्लेक्स घातले, दूध ओतलं आणि ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"मी हे कधी चाखलंच नाही, बाई. ऑफिसात कुणीतरी चांगलं म्हणालं, म्हणून आणलं होतं."

तिनं एक चमचा खाल्ला. चावता चावता थांबली. कसाबसा घास गिळला.

"बाई, बाबांना हे खरंच आवडायचं?"

"लई," मी म्हणाले. "आवडीनं खायचे." आणि हसले.

मनीषानं माझ्याकडे बघितलं. वाटी बाजूला ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण हात बरोबर पुढे आला. तळवा वर, बोटं जराशी वाकलेली.

"बघू," ती म्हणाली. "दाखवा."

मी नुसती पदर चाचपत बसले.