रखमाजीची बंडी

पिंपळगाव रेणुकाईच्या रखमाजीनं छातीवरची गाठ सहा महिने बंडीखाली लपवली. लपवली तीही कुणापासून, तर लग्नाच्या बायकोपासून! वर बिब्बा लावून कातडी जाळून घेतली ती वेगळीच. चतुराबाईला कळलं तेव्हा तिचा संताप संताप झाला. त्यात १९९८ साली शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर आलं, तर हा शहाणा म्हणतो, “तू जा. गाठ तुलाच हाय म्हून सांग अन् गोळ्या घेऊन ये.”

आणि ती गेलीही! डॉक्टर सरोजिनीबाईंनी तिला दोनदा तपासलं.

“गाठ कुठंय?”

“घरी हाय,” चतुराबाई वैतागून म्हणाली. “बैलाला पाणी पाजून राह्यली.”

सरोजिनीबाई हसल्या नाहीत. “पुरुषांनाही होतो स्तनाचा कॅन्सर. कमी जणांना होतो, पण लाजेपायी उशिरा कळतो. घरात आधी कुणाला होता?”

सासू, द्वारकाबाई, छातीच्या गाठीनंच गेली होती.

चतुराबाईनं नवऱ्याला ओढतच औरंगाबादला नेलं. ऑपरेशन झालं, छातीची एक बाजू सपाट झाली, पण माणूस वाचला. निघताना डॉक्टरांनी बजावलं, सख्ख्या भावालाही सांगा, गाठ दिसली तर लगेच दाखवायची.

गावात आल्यावर रखमाजीनं काय सांगावं? अपेंडिक्स!

“अपेंडिक्स काय छातीत असतं का?” चतुराबाईनं कपाळावर हात मारला. “कचरूभावजींना तरी खरं सांगा.”

“धाकटा हाय तो. बायकांचं दुखणं म्हून हसंल मला.”

वर्षभर ती हेच दळण दळत राहिली. दगडावर पाणी.

मग एका सकाळी कचरूची बायको पुष्पाबाई बिब्बा मागायला आली.

“कशाला गं?”

“ह्यांच्या छातीला कायतरी आलंय. दाखवून न्हाई राह्यले.”

चतुराबाईनं हातातली परात आपटली. ओट्यावर चहा पिणाऱ्या रखमाजीनं सगळं ऐकलं होतं. ती तोंड उघडायच्या आत तो अर्धा कप ठेवून उठला आणि तडक भावाच्या अंगणात गेला. तिथं चार माणसं गप्पा मारत बसली होती. त्यांच्यादेखत त्यानं बंडी काढली.

“बिब्बा लावू नको, कचरू. हे बघ. मला बी हेच झाल्तं.”

मागून धापा टाकत आलेल्या चतुराबाईला रडू आणि राग एकदमच आला.

“एक बंडी काढायला वर्ष लावलं तुम्ही,” ती म्हणाली. “आता जल्दी आवरा दोघं. साडेनऊची एसटी हाय.”