चिठ्ठी न लावलेली बाटली

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गुलाबपाणी काढायचं. पातेल्यात पाकळ्या उकळत होत्या, मधे वाटी, वर उलटं झाकण, झाकणावर बर्फ. मार्केट यार्डात मिरचीची पोती उचलून माझे डोळे कायम जळायचे, त्यासाठी बायको हे करायची. बाटली भरून ती म्हणाली, "अहो, नाव लिहून चिकटवा. नुसतं पाण्यासारखं दिसतंय."

मी चौथी शिकलेला, अक्षराची लाज. म्हटलं, "घरात दोघंच तर आहोत. पिणार कोण, तू?" आणि बाटली तशीच फ्रीजमध्ये ठेवली.

त्याच दुपारी तिचं हृदय बंद पडलं. घर माणसांनी भरलं. सून सगळ्यांना पाणी देत होती. त्या बाटलीला वास आला, म्हणून तिने ती मोरीत ओतली आणि साधं पाणी भरून ठेवलं. आयटीतला मुलगा म्हणाला, "बाबा, गुलाबपाणी ऑनलाइन मागवतो ना, उद्या येईल." चूक माझीच होती, चिठ्ठी मीच लावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे उठायच्या आत, तिची बाटली कोणती ते आता ओळखू येईना, म्हणून मी फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या ओतून दिल्या. कोणी गार पाणी मागितलं, की नळाकडे बोट दाखवलं.