तुर्भ्याची फौज

परवा घरातली जळमटं काढायला काठी उचलली, तर ती आपसूक खांद्यावर गेली.

ऐंशीच्या दशकात तुर्भ्याच्या आमच्या कारखान्याला टाळं लागलं. गेटवर मालकाच्या गुंडांनी झोडपल्यावर युनियनचे सावंत म्हणाले, "आयर्लंडात टाळेबंदीत असाच मार खाल्लेल्या कामगारांनी स्वतःची फौज उभारली होती. आपण पण उभारू."

दुसऱ्या दिवशी आम्ही काठ्या घेऊन कवायतीला उभे. सावंतांनी "एक, दोन" म्हणताच सगळ्यांचे पाय गावच्या सवयीनं लेझमीच्या चालीत पडले. सावंत ओरडले, "अरे, लढायला निघालात की वरातीला?" अख्खी फौज पोट धरून हसली.

कारखाना काही उघडला नाही. एकेक जण गेला.

परवा मी हळूच "एक, दोन" म्हटलं. गुडघे दुखतात, तरी पावलं लेझमीचीच पडली. हसायला रांगेत कुणी नव्हतं.