उलटा फिरणारा धागा

विमानाच्या इंजिनात हवा शिरते त्या तोंडाला आतून आम्ही लोकरीचे धागे चिकटवतो. चाचणीत हवा कुठे कशी वाहते ते डोळ्यांना दिसावं म्हणून. आज सगळे धागे शहाण्यासारखे आत वळून पडले होते. खालच्या कोपऱ्यातला एक मेला तेवढा थरथरत होता, मधूनच उलटा फिरत होता.

मागच्या चाचणीत असाच एक धागा मी सुधीरला दाखवला होता. सुधीर माझा जुना सहकारी, रोज डबा वाटून खाणारा. "अगं, एका धाग्याचं काय घेऊन बसलीस? हवेच्या दाबाची सरासरी बघ, झकास आहे," तो म्हणाला. मी ऐकलं. इंजिन तोफेसारखा आवाज करून बंद पडलं. बैठकीत साहेबांनी विचारलं तेव्हा सुधीर शांतपणे म्हणाला, "मी हिला तेव्हाच सांगत होतो, तो धागा बघ म्हणून."

हवा कमी पडली म्हणून ते इंजिन गुदमरलं नव्हतं. क्षणात इकडे, क्षणात तिकडे वळणारी हवा त्याला सोसली नाही.

सुधीर अजूनही डबा पुढे करतो, माझ्या आईची तब्येत विचारतो. सरासरी काढली तर माणूस चांगलाच आहे.